तिसऱ्या गिटारीचा मालक

तीर्थरूप आत्यास,

दोन्ही कान पकडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम गच्चीतून फोन करतेस, हे आम्हाला ऐकू येतं. लोकांचे कान तपासणं हाच माझा धंदा आहे.) इकडे माझी अब्रू सोडून सगळं ठीक.

आमच्या इस्पितळाचा बँड तुला माहीत आहेच. गायला हाडांचे डॉक्टर, गिटारीवर मी. यंदा गाणी दोन. पहिल्याला पातळ, खणखणीत आवाज लागतो. तो तू दिलेल्या जुन्या गिटारीतून निघतो, कारण तिचे पिकअप (तारांखालचे, आवाज टिपणारे चुंबक) सिंगल-कॉइल, म्हणजे तारेच्या एकेका वेटोळ्याचे. दुसऱ्याला हंबकर हवा, म्हणजे वेटोळ्यांची जोडी, आवाज जाड आणि भरदार. तुझ्या गिटारीवर ते गाणं डास गुणगुणल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी बजावलं, आवाज आण, नाहीतर तुझ्या जागी एक्स-रेवाला वाजवेल. एक्स-रेवाला! त्याला माणसाच्या आतलं सगळं दिसतं, ताल तेवढा सापडत नाही.

पण घरात गिटार एकच राहील, हा तुझ्या भाचेसुनेचा कायदा. मी म्हटलं, हे दोन आवाज एका गिटारीतून निघणं शक्यच नाही, हवं तर माझ्या कानांची परीक्षा घे. दुकानात मी भिंतीकडे तोंड करून बसणार (माझे पेशंट बसतात तसा), दुकानदार पाठीमागे वाजवणार, आणि मी गिटारी वेगळ्या ओळखल्या तर घरात दोन. ती लगेच कबूल झाली. इथेच मला शंका यायला हवी होती.

पहिली वाजली. मी सांगितलं, सिंगल-कॉइल, हलकं लाकूड. दुसरी वाजली. हंबकर, जड लाकूड, कारागीर वेगळा, बहुधा तापट. तिसरी वाजली आणि मी परीक्षाच विसरलो. आवाज पातळच, पण फार गोड. म्हटलं, बाकीच्या राहू द्या, ही बांधा. वळून पाहतो तर दुकानदाराच्या हातात एक लाल गिटार आणि बायकोचं बोट तिच्या बटणावर. बटण ओढलं की हंबकरचं एक वेटोळं बंद पडतं आणि ती सिंगल-कॉइल होते. पहिली आणि दुसरी एकच होती! अख्खं दुकान हसलं. तिसरी तोवर काउंटरखाली गेली होती. "ती विकायची नाही, तारा बदलायला आलीय," एवढंच ही म्हणाली.

पैज हरलो, लाल गिटार घेतली. तालमीत डॉक्टर खूश, एक्स-रेवाला हिरमुसला.

तुझा,
कानांचा तज्ज्ञ (निवृत्त) भाचा

ता. क. : सोबतच्या खोक्यात तुझी जुनी गिटार आहे. कायदा म्हणजे कायदा. पाठवताना वाईट वाटतंय, पण खरं सांगू, तिच्यात आता दम राहिला नाही. मुद्द्याचं काम वेगळंच आहे. त्या तिसऱ्या गिटारीचा मालक शोधून ती मागायची परवानगी मला मिळावी, म्हणून भाचेसुनेला चार शब्द लिही. तुझं ती ऐकते. तो आवाज काही केल्या डोक्यातून जात नाही.

ता. क. चा ता. क. : आत्या, खोकं मी बांधतेय, म्हणून पत्र वाचलं. तिसरी गिटार म्हणजे तुम्ही यांना दिलेली, या खोक्यातलीच. नव्या तारा घालायला मीच गुपचूप नेली होती. तेव्हाच सांगितलं असतं तर यांनी लाल घेतलीच नसती आणि बँड हातचा गेला असता. कायदा मी मोडीत काढलाय. यांच्या वाढदिवसाला खोकं परत पाठवा, तोवर काही बोलू नका. हे ज्या मालकाला शोधायला निघालेत, तो रोज सकाळी आमच्याच आरशासमोर दाढी करतो.