कोंबडा चढवायचा मान

मोंरीव्ह, ६ मे १९७४

चि. गास्पार यास आईचे अनेक आशीर्वाद.

चर्चच्या मनोऱ्यावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा सोन्याचा मुलामा देऊन परत आलाय. रिबिनी बांधून त्याला दारोदार फिरवताहेत, पोरांना त्याच्या पाठीवर बसवताहेत. येत्या रविवारी तो वर चढवायचा. हा मान आपल्याच घराचा. आजोबांनंतर तुझ्या बाबांचा, आणि ते गेल्यावर आता तुझा. मग काही कळवत का नाहीस रे? जिवाला नुसता घोर लागलाय. कोबी लावला, मांजर व्याली... बघ, विषय सोडून गेले भलतीकडेच, कोंबड्यावरून गाढवावर!

बेकरीवाला आर्मां चारचौघांत म्हणाला, की गास्पार लियोंला जाऊन भिजलेली कोंबडी झालाय, भित्रा. मी म्हटलं, माझा पोरगा छपरं शाकारतो, तुझ्यासारखं पीठ तुडवत नाही. रविवारी ये. माझं नाक कापू नकोस.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई

लियों, ९ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

आर्मां खरं बोलला. मी आता छपरांवर जात नाही, खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात आहे. हिवाळ्यात पाय घसरला आणि पन्हळीला लोंबकळत राहिलो. लोकांनी ओढून घेतलं. खरचटलंही नाही, म्हणून तुला कळवलं नाही. पण तेव्हापासून शिडी दिसली तरी अंगावर काटा येतो, अगदी कोंबडीचं कातडं होतं. घरातला दिवा बदलायलासुद्धा शेजारणीला बोलावतो.

बाबांनी माझं तोंड पाहिलं नसतं. मी येत नाही. जमलं तर लोभ ठेव.

तुझा,
गास्पार

मोंरीव्ह, रविवार, १२ मे

चि. गास्पार, आशीर्वाद.

अरे खुळ्या, एवढं एकट्यानं सोसलंस!

आज सगळं गाव माना वर करून उभं होतं. मी सरपंचांना सरळ सांगितलं, की माझा मुलगा चढणार नाही, आणि का तेही सांगितलं. आर्मां खो खो हसला. मी शिडीकडे बोट दाखवून म्हटलं, मग चढ की तू! गडी टोपी सावरत मागे सरला. कोणीच पुढे आलं नाही. सरपंच म्हणतात, शहरातून माणूस आणू. म्हटलं, खुशाल आणा.

बाबांचं म्हणशील, तर ते वर असायचे तेव्हा मी खाली डोळे गच्च मिटून उभी असायची. मेला तो मान! मला कधीच नको होता, पण बोलले नाही.

आता घरी ये. तुझी खाट माळ्यावरून काढून खाली माझ्या खोलीशेजारी लावलीय. तुला शिडी चढावी लागणार नाही.

लोभ काय मागतोस, वेड्या!

आई