भिंतीवरची सावली

नवेगाव बांध, रविवार, संध्याकाळ

काल मी वहिनीला सांगून बसले, "परीचे कान चांगले आहेत." काय गरज होती? ऑडिओलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे नुसती. सुट्टीत घरी आले आणि शहाणपणा केला.

वहिनीची परी दोन वर्षांची झाली, अजून "आई" म्हणत नाही. काल दुपारी ती भिंतीकडे तोंड करून खेळत होती. मी मागे उभी राहून ताटलीवर चमचा वाजवला, तर दर वेळी वळली. वहिनी रडलीच. "मी म्हणतच होती, पोरगी आयकून राहिली!" गोंदियाच्या डॉक्टरकडे लावलेला उद्याचा नंबर तिने लगेच कॅन्सल केला.

आज ढग होते. तीच जागा, तीच ताटली. चार वेळा वाजवली. परी वळली नाही.

मग कळलं. काल माझ्या मागच्या दारातून ऊन येत होतं. माझ्या हाताची सावली तिच्या समोरच्या भिंतीवर हलत होती. मूल सावली बघूनही वळतं, हे मॅडमनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. मी तर परीक्षेत लिहिलंय ते. मार्क मिळालेत!

आत्ता वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल.

"काल सावली काऊन नाही पाहिली?" एवढंच म्हणाली. मग परीच्या मागे जाऊन उभी राहिली. आधी भिंतीकडे नीट पाहिलं. सावली नव्हती. मग हाक मारली.

मी हे लिहितेय, आणि वहिनी अजून हाका मारून राहिली.