आजी अस्वलाची चाल

ता. ९, रविवार दुपार

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा घसा बसला आहे. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. मी म्हटलं, मग जगू कशावर? ते हसले नाहीत. न्हाणीघराचा नळ अजून गळतो. तुझी आत्या अधूनमधून डबा आणते आणि डब्यात मावणार नाहीत एवढे टोमणे ठेवून जाते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तू चितारलेल्या अस्वलांच्या सिनेमावर मी सभेत काय बोललो ते तुझ्यापर्यंत पोचलंच असेल. तू लिहिलं होतंस, "बाबा, मुलांचा सिनेमा आहे, एकदा नुसता बघा." नुसतं बघणं मला कधी जमलं आहे? अस्वलांचा राजा गुहेत बसून मध खातो, बाकीची अस्वलं मधाचे घडे घेऊन पायऱ्या चढतात, आणि शेवटी राजा गाणं म्हणून सगळ्यांना माफ करतो. माफ कशाबद्दल, हे कुणी विचारत नाही. मुलांच्या गोष्टीत राजकारण नसतं असं जे म्हणतात, त्यांचंच राजकारण त्यात असतं. हे मी आजही म्हणेन. यावर तू माझ्याशी कडाडून भांड. मला आवडेल.

पण गंमत ऐक. आम्ही थिएटरच्या दारात फलक घेऊन उभे राहिलो, तर समोर पलीकडच्या पक्षाचेही लोक. त्यांचं म्हणणं, अस्वलं मध लपवतात ते दृश्य लोकांना भडकवणारं आहे. एकच सिनेमा, दोघांनाही नको. तिकीटवाल्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "तुमच्यापैकी आधी कोण ओरडणार ते ठरवा, म्हणजे मधल्या वेळात मी तिकिटं विकते." पण तिकिटं घ्यायला कोणी आलंच नाही. शुक्रवारी सिनेमा उतरला. आमचा खजिनदार म्हणाला, "जिंकलो." समोरचेही तेच म्हणत होते. मी इतका दमलो होतो, की नक्की कोण जिंकलं हे विचारायचाही कंटाळा आला.

भाषणात सगळ्यात जास्त टाळ्या कुठे पडल्या ते तुला कुणी सांगितलं का? आजी अस्वलाच्या जागी. एक हात गुडघ्यावर, दुसरा कठड्यावर, प्रत्येक पायरीला थांबून पुढच्यांना हसून "आलेच" म्हणणारी ती. मी म्हणालो, "मित्रहो, सत्तेला अशीच प्रजा हवी असते. पाठ वाकली तरी हसणारी, दमली तरी आलेच म्हणणारी." आणि मी तिची नक्कल केली. व्यासपीठावर, गुडघ्यावर हात ठेवून. सभागृह हसलं.

दुसऱ्या दिवशी आत्या डबा घेऊन आली.

"दादा, नक्कल छान केलीस."

"अगं, तो उपरोध होता."

"हो का? मला वाटलं, वहिनीची करतोयस."

मी डब्याचं झाकण उघडत होतो.

"या घरात 'आलेच' कोण म्हणायचं रे?" ती म्हणाली. "पोरीने चितारलं, मी ओळखलं. तू एवढी पुस्तकं वाचलीस."

ती डबा तसाच ठेवून निघून गेली.

आमच्या गावात सिनेमा उतरला होता, आम्हीच उतरवला होता. म्हणून बसने शेजारच्या गावी गेलो आणि दुपारच्या खेळाला पोराटोरांत बसलो. राजा, मध, गाणं, काहीही बघितलं नाही. आजी अस्वल पडद्यावर येईपर्यंत खाली बघत बसायचो. त्या दिवशी पहिल्यांदा मला कशाचाही अर्थ लावावासा वाटला नाही.

आत्या म्हणते, जिथे बोललास तिथेच उभा राहून शब्द परत घे. काल विजयाची सभा होती, मी जाऊ शकलो असतो. पण खारू, ते भाषणच झालं असतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे माझ्या घशाला माझ्या आधी कळतं. तुझ्या आईवर मी पुन्हा टाळ्या मिळवल्या असत्या.

म्हणून सभेला गेलो नाही. खजिनदाराला घरी बोलावून सांगितलं, सिनेमा परत लागला तर निदर्शनं नाहीत, आणि त्या आजीबद्दल मी बोललो ते चूक होतं, असं फलकावर लिहून लाव.

"कारण काय लिहू?"

"कारण लिहू नकोस."

"लोक विचारतील हो."

"विचारू देत."

मग थिएटरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "सकाळचा एक खेळ लावतो, पण निदर्शकांनी तिकिटं काढली पाहिजेत." बघू या किती काढतात.

हे सगळं तू मला माफ करावंस म्हणून लिहीत नाही. एक विचारायचं आहे. बाजारातून येताना तू आईच्या मागे असायचीस, तिची पिशवी धरून. मी कायम पुढे, कुठल्या तरी सभेला उशीर झालेला. मागून "आलेच" ऐकू यायचं आणि मी आणखी भरभर चालायचो. जिना चढताना ती कशी दिसायची, हे मी कधी वळून पाहिलंच नाही.

ती खरंच हसायची का गं, प्रत्येक पायरीला? की ते तू घातलंस?

एवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

वाट पाहतो आहे.

बाबा