लाइट परत आल्यावर

मी, नेमगोंडा बाबगोंडा मगदूम, वय ६१, धंदा मशीनच्या कंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहिणे, राहणार राजारामपुरी सातवी गल्ली, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. भीतीपोटी मात्र लिहीत आहे. गेल्या महिन्यात छातीत कळ आली, तेव्हा कलम ३ मधली गोष्ट माझ्याबरोबरच जळून जाईल, याची मरणापेक्षा जास्त धास्ती वाटली.

१. राहते घर व ठेवी माझी मुलगी रुचिता हिला.

२. सोल्डरिंगची पेटीही तिलाच. माझा भाऊ अभिनंदन याने २००९ साली नेलेला मल्टिमीटर त्याला कायमचा दिला असे समजावे. परत केला म्हणून तो सांगेल. ते खोटे आहे.

३. कपाटातल्या निळ्या वहीत आठ फाउंड्र्यांची नावे आहेत, पहिले कागलच्या फाउंड्रीचे. तिथल्या वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डिंग मशीनवर माझा प्रोग्रॅम अजून चालतो. रुचिता, तुला कळावे म्हणून सोपे करून लिहितो. कंट्रोलरमध्ये एक छोटा डेटाबेस असतो. मशीनची प्रत्येक हालचाल तो नोंदतो. काम मध्येच सोडावे लागले, तर शेवटच्या नोंदीपासून मागे येत तो माझ्या फंक्शनला, म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या तुकड्याला, बोलावतो आणि केलेले परत फिरवायला सांगतो. जबडा उघडला असेल, तर मिटायचा. लाइट जाऊन आली, तरी अर्धवट कामासाठी तो त्याच फंक्शनला बोलावतो, फक्त लाइट गेल्यानंतरची ही सावरासावर आहे, अशी खूण सोबत देतो. ती खूण दिसली की नुसत्या नोंदी नीट करायच्या, मशीन हलवायचे नाही. मधल्या वेळात कोणाचा हात आत असू शकतो. मी ती खूण तपासलीच नाही.

२०१४ च्या जूनमध्ये शिरोलीच्या एका फाउंड्रीत लाइट गेली. पिराजी सुतार हा ऑपरेटर अडकलेली वाळू काढत होता. लाइट आली आणि जबडा मिटला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. स्विच न पाडता हात घातला, असा ठपका त्याच्यावरच बसला आणि नोकरीही गेली. मला आठवड्यात चूक सापडली. त्या मशीनमध्ये ती गुपचूप सुधारली आणि गप्प बसलो. वहीतल्या आठ ठिकाणी गेलो असतो, तर का आलात म्हणून विचारले असते, म्हणून तिथे चूक अजून तशीच आहे. तेव्हापासून लाइट गेली की मला भीती वाटते, आणि आली की जास्त वाटते.

सबब, माझ्या मृत्यूनंतर रुचिताने वही घेऊन आठही मालकांना भेटावे, आणि चूक पिराजीची नव्हती हे जाहीर करावे.

४. साक्षीदार म्हणून मी पिराजीलाच बोलावले. हल्ली तो डेअरीत दुधाचे फॅट तपासतो. तोंडावर सांगायचे धाडस नव्हते, आणि न वाचताच तो सही करील अशी भित्री आशाही होती. त्याने चष्मा लावून सगळे वाचले. मग कलम ३ वर उजवा हात ठेवला. मला शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

"ती आठ मशीनं आज चालू हाईत?" त्याने विचारले. मी होय म्हणालो.

"मग तुमच्या मरणाची वाट कशाला बघायची? सही करतो. कागलपासनं सुरू करू."

५. त्याच्यासमोर कलम ३ मधील "माझ्या मृत्यूनंतर रुचिताने" हे शब्द खोडून तिथे "आजच मी" असे लिहिले आहे. खोडल्या जागी तिघांच्या सह्या आहेत. बाहेर आभाळ भरून आले आहे आणि लाइट जाण्याआधी कागल गाठायचे आहे, म्हणून अक्षर असे घाईचे आले आहे.

कोल्हापूर, मंगळवार, दि. १७ जून २०२५, सकाळी दहा.

नेमगोंडा बाबगोंडा मगदूम

साक्षीदार:
शालूबाई चौगुले, शेजारी
पिराजी सुतार, सही डाव्या हाताने