तीनशे पंधरावी जागा

२ मार्च
अप्पांच्या थुंकीचा रिपोर्ट परत पॉझिटिव्ह! गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले आणि जंतू जिथल्या तिथे. साधा टीबी, रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडतं, असं पहिल्याच रिपोर्टमध्ये होतं. मग दुसरा अर्थच नाही. गोळ्या घेत नाहीत. चिंचोळीच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला, पण स्वतःच्या अंगाची दुरुस्ती म्हटली की चालढकल.
आरोग्य केंद्रातल्या सिस्टर थुंकी पुढच्या तपासणीला पाठवणार आहेत. मी म्हटलं, कशाला? आधी गोळ्या पोटात तर जाऊ देत.

३ मार्च
सकाळी अप्पांना विचारलंच. "घेतोय की रोज."
मग थुंकी साफ का नाही?
"ते तुज्या जंतूला इचार."
चेष्टा सुचते यांना! आवाज चढले. शेवटी म्हणाले, "मोरीत येऊन बघ, लगवी केशरी व्हती का न्हाय." गोळीने रंग तसा येतोच. मी उठले नाही. आईला, अव्वाला सांगून मोकळी झाले, अप्पा गोळ्या फेकतात. अव्वा त्यांच्यावरच उखडली: "पोरगी टीबीवर पीएचडी कराय लागली, ती खोटं बोलंल व्हय?"
दिवसभर ती त्यांच्याशी बोलली नाही.

९ मार्च
रोज गोळी गिळल्यावर आ करायला लावते. जीभ वर, जीभ खाली. अप्पा मुकाट करतात. अव्वाचा अबोला चालूच. ताट सरकवते आणि आत जाते. खोकला तसाच.
डिपार्टमेंटला दिवसभर कॅटजीचं, टीबीच्या जंतूतल्या एन्झाइमचं मॉडेल. सरांना थिसिसचा चॅप्टर महिनाअखेर हवा.

१६ मार्च

सिस्टरांनी नव्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. रिफॅम्पिसिन ठीक. आयसोनियाझिड, त्याच गोळ्यांतलं दुसरं औषध, रेझिस्टंट, म्हणजे लागू नाही. कॅटजी, ३१५.
माझी ३१५! चार वर्षं स्क्रीनवर फिरवून फिरवून बघतेय ती जागा. आयसोनियाझिड मुळात विष नाहीच. जंतूचं स्वतःचं एन्झाइम, कॅटजी, तिचं विष करतं. त्याच्या आत जायला अरुंद बोळ आहे. ३१५व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल जाऊन थ्रिओनीन आलं की बोळ आणखी आवळतो, औषध नीट आत शिरत नाही. एन्झाइमचं घरचं काम मात्र बऱ्यापैकी चालू, त्यामुळे जंतू मजेत.
आणि ती पहिली तपासणी फक्त रिफॅम्पिसिनची असते, हे मला पाठ आहे. पाठ! तरी एकदाही डोक्यात आलं नाही. काखेत कळसा. अप्पा गोळ्या घेत होते. एकही चुकवली नव्हती. मला माझी लाज वाटते.

१७ मार्च
अप्पांना सगळं सांगितलं. कागदावर बोळ काढून दाखवला. बराच वेळ बघत बसले.
"म्हंजे नळीचं बोअर सूतभर बारीक झालं. माल आत जाईना."
तसंच.
"म्हंजे म्या गोळी गिळली, जंतूनं न्हाय गिळली."
हो, अप्पा. माझी चूक झाली.
कागदाची घडी घालत म्हणाले, "हे तुज्या आईला सांग. माजं तिला पटायचं न्हाय आता."

१८ मार्च
नव्या गोळ्या सुरू. थुंकी परत महिन्याने. या तरी लागू पडतील का, सिस्टर सांगत नाहीत, मलाही सांगता येत नाही.
भाकरी थापताना अव्वाला सांगितलं. हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी हलली नाही. मी म्हटलं, अव्वा, माझंच चुकलं, त्यांचं काही नव्हतं.
"चाळीस वरसं झाली, खोटं बोल्ल्याला माणूस न्हाय त्यो. तू शिकल्याली, म्हणून म्या त्यांचं सोडून तुजं खरं मानलं."
बाहेर आले तर अप्पा दाराकडेच बघत होते.
"सांगितलंस?"
हो.
"मग? काय म्हणाली?"