आंबेगावची सोनाबाई

अमडापूर,
ता. १२ डिसेंबर १९६३

सौ. विमलताईंस,
कोकिळाचा नमस्कार. इकडे कापसाची वेचणी चालली आहे. थंडी बरी आहे. शेजारी इमामबीची म्हैस व्याली. पुण्याला तुमच्या घरी सगळे सुखरूप असतील असं धरून चालते.

तुमचा लेख दिवाळी अंकात वाचला. मी एकटीनं नाही, सगळ्या गावानं. मास्तरांनी पारावर मोठ्यानं वाचून दाखवला. आपलं गाव छापून आलं याचं बिचाऱ्यांना कौतुक. अमडापूरचं तुम्ही आंबेगाव केलंत. माझ्या आईची, बनाबाईची, सोनाबाई केलीत. पण तिचा भाजलेला डावा हात, दारातला कडुलिंब, शेजारचं मुसलमानाचं घर जसंच्या तसं ठेवलंत. अर्ध्या पानातच मास्तर थांबले.

"काऊन थांबले जी? वाचा नं," बाबांचे भाऊ नारायणकाका म्हणाले.

समाजाचा अभ्यास करायला आलात. वर्षभर आमच्या चुलीजवळ जेवलात, माझ्या आईला आई म्हणालात. म्हणून तिनं तुम्हाला पोटातलं सांगितलं, की मोतीरामदादा आमच्या बाबांचा नाही. मला, पोटच्या लेकीला, तिनं हे कधी सांगितलं नव्हतं; मी ते पारावर तुमच्या लेखातून ऐकलं. बाबांना सगळं ठाऊक होतं आणि तरी त्यांनी दादाला अंगाखांद्यावर वाढवलं, हेही तिनं तुम्हाला सांगितलं होतं. ते लेखात कुठं आहे? त्याचा अभ्यासाला उपयोग नव्हता का?

दुसऱ्या दिवशी काकांनी पंच बसवले. भाऊ तर गेला, आता या परक्या पोराचा शेतात वाटा कायचा, म्हणाले. मी बायकांतून उठून ओरडले, "त्या बाईनं मनानं रचलं हाय! सारं खोटं हाय!" लोक मानायला तयार होते, ताई. पुण्याची बाई खोटारडी ठरली की भागत होतं.

तर आई उभी राहिली.

"पोरीले खोटारडी म्हनू नका. म्याच सांगतलं होतं तिले."

तुम्हाला वाचवलं तिनं! दादा तिथंच बसला होता. तो खाली मान घालून उठला आणि खामगावला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला लागला. मी भेटायला गेले, तर "कोनी मोतीराम नाही इथं" असा आतून त्याचाच आवाज आला.

तुम्हीही त्याच चुलीपुढं आईजवळ रडला होतात. कशासाठी, ते मी ऐकलं होतं. लेखात त्याचा शब्द नाही. मीही इथं लिहीत नाही, कारण हे पाकीट तुमचे यजमान उघडतील. तुमच्या संसाराची एवढी काळजी मी का करते, याचाच मला राग येतो.

आईला विचारलं, काही लिहायचं का. तिनं चुलीत लाकूड सारलं.

"लिही, मोतीराम घरी आला का मंग ये म्हना. तोवर नको."

हे तिचं झालं. माझं सांगते. दादा आला तरी येऊ नका.

कोकिळा