काडीमोडीचा कागद

कागद करायला तुझं काय जात होतं, बा? तेव्हा विचारलं तर माझ्या अंगावर धावून आलास, आणि आता तू जाऊन नऊ वर्षं झाली तरी मी तेच विचारतोय. तुझ्या पोरीची, बायची, काडीमोड झाली त्या दिवशी आपल्या अंगणात पाच पंच बसलेले. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा आणि त्याचा काका. आणि मी घरातून माझी शाळेची वही घेऊन आलो. शाळा आठवीत सोडली होती, पण लिहायला येत होतं. म्हटलं, काय ठरलं ते लिहून ठेवू, खाली दोघांचे अंगठे घेऊ. तू सगळ्यांसमोर वही माझ्या हातातून ओढलीस. "पंच बसलेत ते काय गुरं राखायला? त्यांच्या तोंडापेक्षा तुझा कागद मोठा झाला काय रं?" सगळे हसले. मग सूर्यमाळच्या म्हाताऱ्या पंचानं गवताची काडी दोघांच्या मधे धरली, कट्‌कन मोडली, आणि म्हणाला, झालं. बायनं पदराखाली डोळे पुसले. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

आता ऐक पुढचं काय झालं ते. तुझी पोर आता एकतीस वर्षांची आहे. साखरशेतचा एक माणूस आहे, आश्रमशाळेत स्वयंपाकी, सरकारी पगारावर. त्याची बायको वारली. कमी बोलतो, पण बायचं ऐकतो, आणि एवढं पुरे. दोघांना लग्न करायचंय. पण त्याच्या नोकरीच्या पुस्तकात बायकोचं नाव चढवायचं तर साहेब विचारतो, हिच्या पहिल्या सोडचिठ्ठीचा कागद कुठाय? आणि तो पहिला, ज्याच्यासमोर काडी मोडली, तो आता मोखाड्याच्या बाजारात उभा राहून सांगतो, मी कधी सोडलीच नाही, ती माझीच बायको. त्यानं उद्या अर्ज दिला तर त्या गरीब स्वयंपाक्याची नोकरी जायची. बायनं फोनवर एवढंच सांगितलं, "मला वकील बघायचाय. तू येतोस का?"

मी सध्या मोरबीला आहे, फरशीच्या कारखान्यात. भट्टीतून फरशी निघते ती उचलायची, बघायची, खोक्यात भरायची. त्याआधी भिवंडीत गोदामात होतो, त्याआधी नाशिकला द्राक्षांवर. तू म्हणायचास ना, याच्या पायाला भिंगरी बांधलीय. आठ दिवसांची छुट्टी मागितली आणि जव्हारच्या डेपोत उतरलो तर बाय आधीच येऊन बाकावर बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत आधार कार्ड आणि भाकऱ्या. कोर्टाजवळच्या चहावाल्याला विचारलं, घटस्फोटाचं काम कोण करतो? त्यानं किटलीनंच समोर दाखवलं. काचेचा दरवाजा, आत कूलर, तीन खुर्च्या. मला तर बरं वाटलं बा. म्हटलं, माणूस मोठा दिसतोय.

त्या वकिलानं दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. "नवऱ्याला आणा, संमतीनं करून टाकू." मी म्हटलं, तो नाय म्हणतो. "मग लढू. दोन-तीन वर्षं धरून चाला." काडीमोडीचं सांगायला लागलो तर हात हलवून म्हणाला, "ते गावातलं झालं हो. कायद्यात ते धरत नाहीत." आणि मग मला विचारतो, "हिचं वय काय?" बाय माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसली होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, हाच करू, हा मोठा आहे, लोकांची रांग आहे त्याच्याकडं. बाय चालता चालता थांबली. म्हणाली, "नवरा तू आणि बा जाऊन बघून आलात. तोपण मोठ्या घरचा होता. आता वकील मी बघीन."

ती गेली बाजारात, भाजीवाल्या बायकांच्या रांगेत. प्रत्येकीजवळ उकिडवी बसून विचारत होती, "कुणाची तारीख चालू आहे का गं?" मला लाज वाटत होती, मी लांब उभा. तिसऱ्या का चौथ्या बाईनं सांगितलं, तिच्या नणंदेचं काम एका बाईनं केलं, झेरॉक्सच्या दुकानावर खोली आहे, आपल्याच बाजूच्या मास्तराची पोर आहे. "पण तिला खोटं सांगू नको," ती बाई म्हणाली, "उठवून लावते."

वर गेलो तर पंखा टकटक वाजत होता आणि ही वकीलबाई डबा खात होती. आम्हाला म्हणाली, बसा, जेवलात का? मग बायकडं वळली. "बोल, तुला काय पाहिजे?" मला वाटलं बाय आता रडते. तिला कुणी हे विचारलंच नव्हतं ना बा, तू नाही, मी नाही. मग म्हणाली, "मला नव्या नवऱ्याच्या घरात चोरासारखं राहायचं नाय." वकीलबाईनं ते तसंच लिहून घेतलं.

आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी पाय खाली सोडून नीट बसलो. म्हणाली, तुम्ही जमातीचे लोक, तो हिंदू लग्नाचा कायदा तुम्हाला लागतच नाही. तुमच्या रीतीनं जे झालं ते झालं. आपण नवीन घटस्फोट मागायचाच नाही. कोर्टाला एवढंच म्हणायचं, आमच्या रूढीनं हे लग्न मोडलेलं आहे, ते मान्य करा. "पण रीत आहे हे दाखवावं लागेल, आणि ती त्या दिवशी पाळली हेही. पंच कोण होते? लग्नात नवऱ्याकडून घेतलेलं देज परत केलं का? कुणी पाहिलं?"

पंचांतले दोघं गेले, तिघं आहेत. देजाचं तर मी रागानंच सांगितलं. म्हटलं, सगळ्यांनी पाहिलं! दुसऱ्या दिवशी माझा बा भाताचं पोतं डोक्यावर घेऊन निघाला, मी मागं बकरा ओढत. भर उन्हात. आणि प्रत्येक पाड्यावर थांबायचा, पाणी मागायचा, बसायचा. कुणी विचारलं की मोठ्यानं सांगायचा, पोरीचं देज परत द्यायला चाललोय. चार पाड्यांत आमची इज्जत वाटत गेला. मी सोळा वर्षांचा. माझ्या जुन्या वर्गातली पोरं दारात उभी राहून बघत होती. वकीलबाईनं विचारलं, "जवळची वाट नव्हती?" होती की, ओढ्यातून, अर्ध्या वेळात पोचलो असतो. "मग वडील लांबून का गेले?" मी म्हटलं, त्यांचं डोकंच तसं होतं. तेव्हा बाय हळूच म्हणाली, "दिसावं म्हणून."

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. मला म्हणाली, "भाऊ, हे चार पाडे म्हणजे तुमचे साक्षीदार. वडिलांनी गोळा करून ठेवलेत."

अकरा वर्षं मी तुझ्यावर त्या चालण्यावरून रागावून होतो. दुसऱ्याच आठवड्यात घर सोडलं ते त्याच रागात. तरी सांगतो, कागद केला असतास तर एवढं फिरावं लागलं नसतं. हे भांडण मी सोडणार नाही. पण छुट्टीतच आम्ही त्या वाटेनं परत गेलो. तिसऱ्या पाड्यावरची म्हातारी बायला बघून म्हणाली, "तुझा बा माझा अख्खा हंडा प्यायला होता गं. उन्हाळ्यातलं पाणी, आठवेल नाय तर काय." ती यायला तयार आहे. सूर्यमाळचा पंच आता काठीवर चालतो, पण ऐकल्याबरोबर पटका शोधायला लागला. "कोर्टात नाय म्हणाले तर तिथं साहेबासमोर परत मोडून दाखवतो," म्हणाला. बाय किती दिवसांनी पोट धरून हसली.

त्या दिवशी वकीलबाईनं जिंकूच असं सांगितलं नाही. म्हणाली, "उभं राहायला जागा आहे, आणि मी तुमच्याबरोबर उभी राहीन." बायनं तिथंच वकीलपत्रावर सही केली, पूर्ण नाव, सावकाश. मग वकीलबाई मला म्हणाली, अंगणात तुम्हीही होतात, बकराही तुम्हीच ओढलात. तारखेला तुम्हाला यावं लागेल, जितक्या वेळा बोलावतील तितक्या वेळा. बाय माझ्याकडं बघत नव्हती. मी येईन असं तिला वाटत नव्हतं, ते मला कळलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? बॅगेत राहील. पण एक सांगून टाकतो. तुझ्या दिवसकार्याला मी आलो नाही तेव्हा आईला कळवलं की ठेकेदारानं सोडलं नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं. यावेळी परत आल्या दिवशीच इथल्या ठेकेदाराला विचारलं, तारखा पडतील तशी छुट्टी लागेल म्हणून सांगितलं. तो म्हणाला, जा की, बहिणीचं काम आहे. एवढंच होतं ते. वकीलबाईच्या सुरुवातीच्या फीचं आणि म्हाताऱ्या पंचाच्या जीपभाड्याचं मिळून आज बायला साडेसहा हजार पाठवतोय.